गच्चीवरच्या बागेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. लोकांना वैताग न देता फेसबुक-इन्स्टावर कसा पोहोचवू?

लिंक आधी टाकूच नका. फेसबुकवर कुणी जास्वंदीच्या पांढऱ्या पिठ्या ढेकणांचा फोटो टाकला की तिथंच पूर्ण उत्तर द्या: लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, थोडा द्रव साबण, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. ‘बाकी माहिती आमच्या ग्रुपवर’ म्हणालात की संपलं, लोकांना लगेच जाहिरातीचा वास येतो. लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये ती तशीही क्लिक होत नाही. दुसऱ्यांच्या ग्रुपात टाकायचीच असेल तर आधी ॲडमिनला विचारा. आणि ‘जॉइन व्हा’ची पोस्टर्स फॉरवर्ड करणं सोडा. दुहेरी बाण, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झाल्याची खूण, दिसला की बरेच लोक उघडतही नाहीत. सदस्यांच्या मिरच्या-टोमॅटोचे फोटो, अर्थात परवानगीनं, जास्त माणसं आणतील.