मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येईल असं, पडका किल्ला असलेलं समुद्रकाठचं छोटं गाव कोणतं?

अलिबागच्या पुढचं कोर्लई. गेटवेहून मांडव्याची लाँच, तिथून तिकिटातच येणाऱ्या बसने अलिबाग, मग मुरूडकडे जाणारी एसटी. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. किल्ला कुंडलिकेच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या लांबट डोंगरावर आहे आणि दीपगृहाच्या मागून पायऱ्या थेट वर जातात. बांधकाम पोर्तुगीजांचं, 1740 मध्ये मराठ्यांकडे आला. वर छप्पर उडालेलं चर्च, पाण्याचं टाकं, एकामागून एक दरवाजे. खरं आकर्षण मात्र मला गावच वाटतं: पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी इथल्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीजवर आधारलेली, मराठी मिसळलेली बोली बोलतात. वसईचा किल्ला लोकलने सोपा आणि कितीतरी मोठाही, पण तुम्ही छोटं गाव विचारलंय. ही सगळी माहिती मांडवामार्गे जाणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा पेण-वडखळवरून रस्त्याने यावं लागतं आणि एक दिवस अपुरा पडू शकतो.