या डिसेंबरला नको, पुढच्या जुलैला कर

इतर वाचणाऱ्यांसाठी तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तू कळव्याची, वय 24, मुंबई विद्यापीठाची सायकॉलॉजीतली बीए. दोन वर्षं घोडबंदर रोडच्या एका सेंटरमध्ये शॅडो टीचर (विशेष गरजा असलेल्या मुलासोबत राहून मदत करणारी) आहेस आणि तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमचं काम बघून अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपीचं (ओटी), म्हणजे आजार किंवा अपंगत्व असलेल्यांना रोजची कामं जमावीत यासाठीच्या थेरपीचं, मास्टर्स करायचं ठरवलं आहेस. ऑक्टोबर चालू आहे, काही विद्यापीठांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत आहेत, बाबा दोन वर्षांनी रिटायर होतील. तर याच वर्षी अर्ज टाकू की थांबू, असं तू विचारलंस. ताई म्हणालीस, म्हणून मीही सरळ अगं-तुगं करते.

थांब. पुढच्या जुलैत अर्ज उघडले की टाक.

मी नेमकी हीच घाई केली होती. नौपाड्यातली, तुझ्यासारखीच बीए सायकॉलॉजी, 2013 चा डिसेंबर. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग झाला होता, दुसरा ‘करतेच आहे’ असं लिहून पाच ठिकाणी अर्ज केले. चार नकार आले. पाचव्या ठिकाणी सशर्त प्रवेश मिळाला, मी जागा राखायचे पैसेही भरले, आणि मे महिन्यात कळलं की माझ्या ऑनलाईन कोर्सची लॅब त्यांना चालत नाही. पैसे गेलेच, पण आईने ज्यांना ज्यांना सांगून ठेवलं होतं त्या सगळ्यांना परत सांगायचं आलं, त्याचा त्रास जास्त झाला. 2014 च्या जुलैत पुन्हा अर्ज केला, सगळे कागद पूर्ण होते, आणि नोव्हेंबरात दोन ठिकाणांहून होकार आले. मी बदलले नव्हते, मार्क तेच होते. फरक फक्त महिन्याचा आणि कागदांचा होता.

याचं कारण असं. अमेरिकेतले बहुतेक ओटी कोर्स ओटीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून अर्ज घेतात आणि त्याचं नवं वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं. बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे तपासतात आणि जागा भरत जातात. कागदावर मुदत जानेवारीची असली तरी तोवर अर्धा वर्ग भरलेला असू शकतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलेला पूर्ण अर्ज आणि डिसेंबरात गेलेला अर्धवट अर्ज यांची बरोबरी होत नाही.

‘इथेच ओटी करून मग जाऊ का?’ असंही तू विचारलंस. इथल्या ओटीच्या पदवीला, म्हणजे बी.ओ.टीएच. ला, बारावीत बायोलॉजी आणि नीट लागते. तू आर्ट्सची, म्हणजे ती वाट नाही. नेरूळला किंवा परळला बी.ओ.टीएच. केलेल्या तुझ्या मैत्रिणीचे सल्लेही तुला लागू पडणार नाहीत. ती आधीच थेरपिस्ट आहे, तिच्यासाठीचे मास्टर्स वेगळे. तुला ‘एंट्री-लेव्हल’ मास्टर्स हवं, म्हणजे आधी थेरपिस्ट नसलेल्यांसाठीचं, आणि त्याला एसीओटीईची (अमेरिकेत ओटी कोर्स तपासणारी संस्था) मान्यता आहे ना हे प्रत्येक कॉलेजचं तपासायचं. ती नसेल तर पुढे थेरपिस्ट म्हणून काम करण्यासाठीच्या एनबीसीओटीच्या परीक्षेला बसता येत नाही आणि लायसन्सही मिळत नाही. तीन वर्षांची डॉक्टरेट दिसली तरी हुरळून जाऊ नकोस. परीक्षा तीच, लायसन्स तेच, आणि वर्षभराची जास्तीची फी कर्जाने भरायची. मध्यंतरी 2027 पासून डॉक्टरेट सक्तीची होणार अशी चर्चा होती, ते बारगळलं. मास्टर्स पुरतं.

आता पुढचे नऊ महिने.

पहिलं, ट्रान्सक्रिप्ट. विद्यापीठाकडून ते काढून वेसकडे (परदेशी पदव्या तपासून देणारी संस्था) पाठवायचं आणि विषयवार मूल्यांकन मागायचं. यात महिने जातात हे धरूनच चाल. आपली बीए तीन वर्षांची. काही कॉलेजं ती चालवून घेतात, काहींना चार वर्षं लागतात. यादीतल्या प्रत्येक कॉलेजला ईमेल कर आणि उत्तर लेखी घे. फोनवर कोणीतरी ‘चालेल’ म्हणालं, याला काही अर्थ नसतो.

दुसरं, विषय. इथे तुला वाटतं तितकी तू मागे नाहीस. एसवायला डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी, टीवायला ॲबनॉर्मल, आणि सायकॉलॉजिकल टेस्टिंग अँड स्टॅटिस्टिक्सचा पेपर, हे तिन्ही मागितले जातात. फक्त आपला स्टॅटिस्टिक्स टेस्टिंगसोबत जोडलेला आहे, त्यामुळे ‘हा स्टॅटिस्टिक्स आहे का?’ असं विचारतात. तुझ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या साईटवरून आत्ताच उतरवून ठेव. तरीही कोणी नाहीच म्हणालं तर तेवढा एक पेपर वेगळा करता येतो.

खरा अडथळा ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी एक आणि दोन, लॅबसकट. ते आर्ट्सवाल्याकडे नसतं. अमेरिकेतल्या एखाद्या कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाईन कोर्स ठाण्यात बसून करता येतो. पहिला भाग जानेवारी ते मे, दुसरा उन्हाळ्यात, ऑगस्टपर्यंत. जुलैत अर्ज भरायला घे आणि हा निकाल हातात आला की पूर्ण करून पाठव. फी भरण्याआधी ऑनलाईन लॅब कोणाकोणाला चालते ते विचार, माझी फजिती तिथेच झाली. आणि नोकरी सांभाळून दोन्ही भाग एकाच सत्रात घेऊ नकोस. हाडं, स्नायू, नसा पाठ करायला वेळ लागतो, आणि यातच बी ग्रेड आली तर तीच सगळे आधी बघतात. काही ठिकाणी हे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. बीएचे पेपर तुझ्याकडे ताजे आहेत, म्हणून एक वर्ष थांब म्हणते, चार वर्षं नाही.

तिसरं, ऑब्झर्वेशनचे तास, म्हणजे थेरपिस्टचं काम जवळून बघितल्याचे. तुझे दोन वर्षांचे तास मुलांचे आहेत. मोठ्या माणसांमधलं काम बघितल्याशिवाय जाऊ नकोस: पक्षाघातानंतरचा हात, भाजल्यानंतर आखडलेली बोटं. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, परळला केईएमचा ओटी विभाग आहे. परवानगी मागून बघ, नाही मिळाली तर दुसरीकडे माग. जिथे बसशील तिथे तारीख, तास आणि थेरपिस्टची सही त्याच दिवशी घे. त्यांच्यापैकीच एकीकडून शिफारसपत्र लागणार आहे. केईएममध्ये गेलीस तर एवढं माहीत असू दे की कमला निंबकरांनी 1950 मध्ये ओटीची शाळा तिथे सुरू केली, आशियातली पहिली. इथे अमेरिकेत कोणी विचारलं की भारतात हे शास्त्र आहे का, तर मी हे अभिमानाने सांगते.

एसओपीबद्दल, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधाबद्दल, तू एक ओळ लिहिलीस, ‘मला लोकांना मदत करायची आहे’. ती काढ. त्याऐवजी डब्याचा प्रसंग लिही, जो तू प्रश्नात सहज सांगून गेलीस: सात वर्षांचा मुलगा, आजी भरवते, सेंटरमध्ये मात्र डबा उघडून नुसता बसतो. माझ्या इंटरव्ह्यूत ‘स्वतः जेवणं’ यावर चर्चा झाली आणि ते चमच्याबद्दल बोलत होते. मी वरणभाताबद्दल बोलले. भात कालवायचा, बोटांनी घास गोळा करायचा, अंगठ्याने तोंडात ढकलायचा, यात चमच्यापेक्षा कितीतरी जास्त बोटांचं काम आहे. मग भरवण्याबद्दलही सांगितलं. आजीचं भरवणं म्हणजे नुसती सवय नाही, तिची माया तिथेच असते, ते एकदम बंद करा म्हणालात तर ते घर तुमच्याकडे परत येणार नाही. शेवटचे पाच घास त्याचे आणि बाकीचे आजीचे, तिथून सुरू करावं लागतं. ओटीत ऑक्युपेशन म्हणजे नोकरी नव्हे, माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं. हे तू पुस्तकाआधी डब्यावर शिकली आहेस. तेच लिही.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. कोर्स कोणत्या महिन्यात सुरू होतो यापेक्षा तो कोणत्या महिन्यात संपतो ते बघून कॉलेजं निवड. मास्टर्स दोन ते अडीच वर्षांचं असतं, त्यात 24 आठवड्यांचं पूर्णवेळ फील्डवर्क, आणि त्याचा पगार सहसा नसतो. कोर्स संपल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या परवानगीवर, काम करायला 12 महिने मिळतात, ओटी स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत) नसल्यामुळे वाढ मिळत नाही. त्या 12 महिन्यांत बेकार राहायची मुभा फक्त 90 दिवसांची. तेवढ्यात परीक्षा, राज्याचं लायसन्स आणि नोकरी, तिन्ही व्हायला हवं. ओपीटी सुरू होण्याची तारीख कोर्स संपल्यापासून 60 दिवसांच्या आत तू निवडू शकतेस, ती शक्य तितकी उशिराची घे. त्यानंतर राहायला लागतो तो नोकरीचा व्हिसा एच-1बी, तो लॉटरीने मिळतो. त्याची नोंदणी मार्चमध्ये, आणि 12 महिन्यांत मार्च एकदाच येतो. मी डिसेंबर 2017 मध्ये सुटले. जानेवारीत परीक्षा दिली, लायसन्स मार्चमध्ये हातात आलं, तेव्हा लॉटरीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच जायचे, तेवढ्यात नोकरी शोधून ते जमलं नाही. रोज दिवस मोजायचे, 90 मधले किती उरले. शेवटी एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये लागले. अशा ठिकाणी लॉटरीची अट नसते, म्हणून राहू शकले. मे किंवा ऑगस्टमध्ये संपणारा कोर्स असेल तर मार्चआधी तुला निदान सहा महिने मिळतात. व्हिसाचे नियम मध्येच बदलतात, त्यामुळे अर्ज करताना आणि निघताना दोन्ही वेळा तपास.

पैशांचं बाबांशी मोकळेपणाने बोल. माझं कर्ज 38 लाखांचं होतं, तेव्हाच्या डॉलरच्या भावाने, आणि ते फेडायला सहा वर्षं लागली. बाबा रिटायर व्हायच्या आत तुझा कोर्स संपणार नाही, आत्ता अर्ज केलास तरी नाही. घाईचं हे कारण तसं टिकत नाही. उलट कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करताना त्यांची नोकरी चालू असेल तर बरं, आणि पुढच्या जुलैला अर्ज करून त्याच्या पुढच्या ऑगस्टमध्ये गेलीस तरी ते जमतं. लग्नाचं विचारणाऱ्यांना मी ‘कोर्सची तारीख ठरली आहे’ एवढंच सांगायचे. ठरलेली तारीख सांगितली की लोक पुढे फारसं विचारत नाहीत.

या आठवड्यात ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाक. ॲनाटॉमीसाठी कोणती दोन-तीन कॉलेजं बघते आहेस ते इथे लिही, त्यांच्या लॅबचं मी बघून सांगते.