तिला सिंगापूरला नोकरी मिळाली. मी तिथे काय करणार?

नवराबायकोपैकी एकाला परदेशात नोकरी मिळाली की दुसऱ्याच्या मनात येणारा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. बायका तो वर्षानुवर्षे विचारत आल्या आहेत आणि "आधी जाऊ तर, मग होईल काहीतरी" या उत्तरावर त्यांची बोळवणही होत आली आहे. आता पुरुषही हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येऊ लागले आहेत. फरक एवढाच, की ते तो उघडपणे विचारत नाहीत. झोप येत नाही, चिडचिड होते, असे काहीतरी सांगत येतात.

नाशिककडचे एक जोडपे असेच आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पत्नी सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या, तिला सिंगापूरच्या कंपनीचे नेमणूकपत्र आलेले. पती कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणारे, वय चाळिशीच्या आसपास. मुलगी दुसरीत, आणि पतीची आई त्यांच्याजवळच राहणारी. निद्रानाशासाठी कुटुंबाच्या डॉक्टरांनी पतींना गोळ्या सुरू केल्या होत्या. घरात भांडण नव्हते, पण महिनाभर कोणी त्या विषयावर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललेले नव्हते.

मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून आपापल्या काळज्या कागदावर लिहायला सांगितल्या आणि एकमेकांच्या दाखवू नका, असे बजावले. पत्नीच्या कागदावर सासूबाईंचे एकटेपण, मुलीची शाळा आणि "यांनी माझ्यासाठी नोकरी सोडली, हे आयुष्यभर ऐकावे लागेल" असे होते. पतींच्या कागदावर वर फक्त "शिकवण्या घेईन" असे लिहिले होते आणि खाली, खोडून पुन्हा लिहिलेले, "पैसे मागावे लागतील". त्यांच्या मामेभावाने, जो बऱ्याच वर्षांपूर्वी तिथून परत आला होता, त्यांना सांगितले होते, की जोडीदाराला एका पत्रावर काम करता येते, शिकवण्यांना तर तिथे सोन्याचा भाव आहे. त्याच भरवशावर सगळा बेत उभा होता.

माझ्या मते अशा वेळी मनाची समजूत घालण्याआधी माहिती तपासणे आवश्यक असते. तो नातेवाईक खोटे बोलत नव्हता, त्याची माहिती जुनी होती. सिंगापूरमध्ये नोकरीवर आलेल्या व्यक्तीचा पती किंवा पत्नी "डिपेंडंट्स पास"वर राहते, आणि त्यासाठी नोकरी करणाऱ्याचा ठरलेला मासिक पगार किमान ६,००० सिंगापूर डॉलर असावा लागतो. पूर्वी अशा जोडीदाराला संमतिपत्रावर काम करता येत असे; १ मे २०२१ पासून त्याला स्वतःचा कामाचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी अर्ज नोकरी देणाऱ्या संस्थेने करायचा असतो. व्यावसायिकांसाठीच्या "एम्प्लॉयमेंट पास"ला जानेवारी २०२५ पासून बहुतेक क्षेत्रांत किमान ५,६०० डॉलर पगाराची अट आहे. वयानुसार ती चढत जाऊन पंचेचाळिशीला १०,७०० पर्यंत पोहोचते. म्हणजे चाळिशीतल्या अनुभवी शिक्षकाला दार बंद नाही, पण ते पंचविशीतल्या माणसापेक्षा अरुंद आहे. आणि परवान्याशिवाय घरी शिकवण्या घेणे हा तिथे गुन्हा ठरतो. हे मी सांगितले तेव्हा पती बराच वेळ खाली बघत बसले आणि मग म्हणाले, "मॅडम, म्हणजे मी तिथे नुसता बसणार?"

हा प्रश्न खरा होता. आधीचे सगळे प्रश्न त्याच्याभोवतीचे होते. नातेवाईक आडून बोलत होते ("बायकोच्या जिवावर परदेशवारी"), पण त्या बोलण्यापेक्षा आपण स्वतःच्या नजरेत उतरू, ही भीती त्यांना अधिक छळत होती. अशा वेळी "लोकांकडे दुर्लक्ष करा" असे सांगून काहीच साधत नाही. मी त्यांना एवढेच विचारले, की महाविद्यालय सुटले तर नेमके काय सुटेल? पगार, हे उत्तर लगेच आले. दुसरे उत्तर यायला वेळ लागला: सकाळी साडेसातचा बारावीचा तास.

पगाराचा प्रश्न सोडवता येण्यासारखा होता. पतींच्या नावाने तिथल्या बँकेत खाते काढायचे आणि घरखर्चाव्यतिरिक्त एक ठरावीक रक्कम दर महिन्याला पत्नीने त्या खात्यात वळती करायची, न मागता आणि न विचारता, असे ठरले. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण दाढीच्या ब्लेडसाठी पैसे मागायची पाळी आलेल्या माणसाचे मन मी अनेकदा पाहिले आहे. तासाचा प्रश्न अवघड होता आणि तो त्या दिवशी सुटलाही नाही. राजीनामा मात्र द्यायचा नाही, संस्थेकडे एका वर्षाच्या बिनपगारी रजेचा अर्ज करायचा, यावर दोघांचे एकमत झाले. भारतातल्या विद्यार्थ्यांना तिथल्या घरातून ऑनलाइन शिकवता येईल का, हे त्यांनी सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर हाती आल्याशिवाय एकही तास घेऊ नये, असे मी सुचवले.

मुलीच्या शाळेची चर्चा लांबली. तिथल्या सरकारी शाळा जानेवारीत सुरू होतात, परदेशी मुलांना वेगळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि जागाही थोड्या असतात. सीबीएसई शिकवणाऱ्या भारतीय शाळा मात्र एप्रिलमध्ये सुरू होतात. सरकारी शाळेत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात, मराठी घेता येत नाही. आजीला हे फार लागले. शेवटी वर्ष वाया जाऊ नये म्हणून पत्नीने आधी एकटीने जायचे आणि मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर बापलेकीने निघायचे, असे ठरले. तिथे महाराष्ट्र मंडळ असल्याचे कळल्यावर आजीचा राग थोडा निवळला.

घरभाड्याबाबत एक गोष्ट मी आग्रहाने सांगते, कारण तिचा चिंतेशी थेट संबंध आहे. नोकरी सुटली तर नोकरदाराचा पास रद्द होतो आणि त्याबरोबर कुटुंबाचेही; आवराआवरीसाठी साधारण ३० दिवस मिळतात. करार मात्र बहुधा दोन वर्षांचा असतो. म्हणून करारात "डिप्लोमॅटिक क्लॉज" असावाच, ज्यायोगे पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांची सूचना देऊन घर सोडता येते. वैद्यकीय विम्याचेही तसेच आहे: एम्प्लॉयमेंट पासवरच्या कर्मचाऱ्याचा विमा काढण्याचे बंधन कंपनीवर नाही, तेव्हा कुटुंबाचा विमा कोण काढणार हे नेमणूक स्वीकारण्याआधीच लेखी घ्यावे. या दोन कागदांनी पत्नीची रात्रीची निम्मी धडधड कमी झाली, असे त्यांनीच सांगितले.

पतींच्या गोळ्यांचा विषय मीच काढला. झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या सिंगापूरला नेण्याआधी तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तीन महिन्यांहून अधिकचा साठा नेता येत नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या; निघेपर्यंत त्यांची गरज उरली नाही. आपल्या मनाने त्या एकदम बंद करू नयेत, हेही इथे सांगायला हवे.

आजींनी सामानाची यादी वहीत लिहून आणली होती: कांदा-लसूण मसाला, मेतकूट, अनारशाचे पीठ, खसखस पाव किलो. खसखस सिंगापूरमध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी असलेली वस्तू आहे, हे ऐकून त्या हसल्या आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "अहो, मसाल्यातही घातलीय ना मी." तो मसाला नाशिकलाच राहिला आणि खसखशीवाचून नवा कुटला गेला.

खरा पेच आजींचाच होता. आईवडिलांना दीर्घ मुक्कामाचा पास हवा असेल तर नोकरदाराचा मासिक पगार किमान १२,००० डॉलर असावा लागतो, आणि सूनबाईंचा तेवढा नव्हता. पर्यटक व्हिसावर काही आठवडे राहता येते, त्यापुढे नाही. आजींनी स्वतःच नणंदेच्या गल्लीत राहायला जायचे ठरवले. मुलाला ते आवडले नाही, आणि त्याला अजूनही ते आवडलेले नाही. तो अपराधीपणा काढून टाकण्याचा प्रयत्न मी केला नाही. दर रविवारी भारतातल्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिथल्या रात्री नऊला, फोनवर आजी नातीला मराठी वाचून दाखवतात.

बापलेक एप्रिलमध्ये पोहोचले. पतींचे अर्ज दोन भारतीय शाळांकडे गेलेले आहेत, उत्तर अजून आलेले नाही. रजा वाढवायची की परत यायचे, यासाठी दोघांनी जानेवारीचा पहिला रविवार राखून ठेवला आहे.