डाळिंबाचे पैसे डाळीत घाला

प्रश्न : ताई, आम्ही घणसोलीला भाड्याने राहतो, घरात पाच माणसं. मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झाल्यापासून किराणा, दूध, भाजी सगळं नऊ हजारात बसवावं लागतं. त्यात आठवीतल्या मुलीचं हिमोग्लोबिन 9.5 आलंय. जो तो सांगतो डाळिंब दे, बीट दे, पावडर आण. सासूबाईंना शुगर आहे, आणि धाकटा उसळ बघितली की ताट सरकवतो. कसं जमवू?

उत्तर : आधी मुलीचं बघू. 9.5 हे नुसत्या जेवणाने भरून येणारं नाही, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर एकही चुकवू नका, आणि दिल्या नसतील तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात घेऊन जा, तिथे मिळतात. शाळेत आठवड्याला निळी गोळी देत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, जंताच्या गोळीचंही विचारा, कारण पोटात जंत असले की खाल्लेलं अंगाला लागतच नाही.

आता डाळिंब. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं आपण धरून चाललोय, पण 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असतं. आवडतं म्हणून खाऊ दे, पण औषध म्हणून त्यावर पैसे घालवू नका. तेच पैसे मटकी, चवळी, मसूर, फुटाणे, अळीव यांच्यात घाला. लोखंडी कढई असेल तर भाजी त्यातच करा, वरून लिंबू पिळा, म्हणजे लोह नीट शोषलं जातं. आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, हे मात्र कडक पाळा! आपल्याकडे मुली सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत जातात आणि दुपारपर्यंत पोटात दुसरं काही नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. त्याऐवजी मूठभर शेंगदाणे-फुटाणे आणि गुळाचा खडा द्या, किंवा अंडं उकडून द्या, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन मिळतं. पावडरचा डबा अजिबात आणू नका, बऱ्याच डब्यांत साखरच जास्त असते.

मासे खात असाल तर सुका जवळा घरात ठेवाच. कोरडाच तव्यावर खरपूस भाजायचा, गार झाला की हाताने चुरून पाखडायचा म्हणजे मिशा आणि कचरा निघून जातो, मग भरपूर कांदा, लसूण, टोमॅटो घालून परतायचा. ओंजळभर जवळ्यात पाच जणांचं कोरड्यास होतं, आणि तो अख्खाच पोटात जातो म्हणून कॅल्शियमही मिळतं. शिवाय माशासोबत खाल्लं की भाजी-भाकरीतलं लोहही जास्त लागू पडतं.

धाकट्याला उसळ म्हणून वाढूच नका. मोड आलेली मटकी वाफवून भरड वाटा आणि थालीपिठाच्या पिठात घाला, नाहीतर कुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी घालून भेळ करा, भेळेतली मटकी पोरं खातात. सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक कशाला, भात अर्धा करा, डाळ-उसळ आणि पालेभाजी वाढवा, भाकरी ज्वारीची चालेल. गोळ्या चालू असतील तर भात एवढा कमी करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

खरेदीचं म्हणाल तर तुर्भ्याच्या एपीएमसीत किलो-दोन किलोसाठी जाण्यात अर्थ नाही, रिक्षाभाड्यातच बचत जाते. बिल्डिंगमधल्या चार-पाच जणी मिळून कांदे-बटाट्याची गोणी आणि डाळी आणा आणि वाटून घ्या. पालेभाजी मात्र रोजची, संध्याकाळी उशिरा बाजार उठायच्या वेळी घ्या, तेव्हा जुड्या स्वस्त देतात, फक्त निवडायचं काम त्याच रात्री करावं लागतं. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी पाच किलो धान्य 2023 पासून मोफत आहे, ते सोडू नका. त्यातून वाचलेले पैसे तेलात-बिस्किटात न जाता डाळीच्या डब्यात जाऊ देत.

पुढची रक्ततपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि आकडा आला की मला नक्की कळवा.