साइटवरचे हेल्मेट दुचाकीवर चालते का?

प्रश्न : मी सोलापुरात बांधकामावर सुपरवायझर आहे. कंपनीने दिलेले पिवळे हेल्मेटच मी दुचाकीवरही घालतो. त्यावर आयएसआयची खूण असूनही वाहतूक पोलिसांनी मला दंड केला. मग कायद्याला अभिप्रेत असलेले शिरस्त्राण कोणते? उन्हाळ्यात हेल्मेटखाली टॉवेल बांधला तर चालेल का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : दंड योग्यच झाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार शिरस्त्राण ठरलेल्या मानकाचे असावे लागते आणि ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेले असावे लागते. आयएसआयची खूण अनेक वस्तूंवर असते. पाहायचा असतो तो तिच्यावर छापलेला क्रमांक. दुचाकीच्या हेल्मेटसाठी तो आयएस ४१५१ आहे, तर कारखान्यातील आणि बांधकामावरील हेल्मेटसाठी आयएस २९२५.

हा भेद केवळ कागदावरचा नाही. आपले पिवळे हेल्मेट उलटे करून पाहा. आत पट्ट्यांची जाळी दिसेल आणि डोके व कवच यांत मोकळी जागा राहते, हेही लक्षात येईल. वरून वीट किंवा पाना पडला, तर त्याचा मार त्या पट्ट्यांच्या ताणात विरतो. दुचाकीवरून पडणाऱ्याचे डोके मात्र बहुधा कपाळावर, कडेने किंवा मागून आपटते, आणि तिथे या जाळीचा फारसा उपयोग नाही. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये थर्माकोलसारखा दाट थर असतो. तो चेपत जातो, तेवढ्यात डोक्याचा वेग थोडा सावकाश उतरतो आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही, म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद करावे. पट्टा न लावता नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट तर पडण्याआधीच उडून जाते; पोलीस दिसेपर्यंत ते आरशाला अडकवून ठेवणाऱ्यांविषयी काय बोलावे!

टॉवेलचे म्हणाल, तर सोलापुरी टॉवेल जाड असतो. तो बांधून हेल्मेट बसत असेल, तर ते मुळात एक माप मोठे आहे, आणि कापड घामाने सरकले की तेही डोक्यावर फिरते. चाळिशीपार उन्हात घाम टिपण्यासाठी पातळ सुती रुमाल, गाठ न मारता, पुरेसा आहे. मागे बसणाऱ्यालाही हेच नियम लागू आहेत, आणि चार वर्षांवरील मूल त्यातून सुटत नाही.