तैपेईजवळच्या शेनकेंगच्या जुन्या रस्त्यावर स्टिंकी टोफू खायला कसं जावं, आणि शाकाहारी माणसाला तो चालतो का?

स्टिंकी टोफू म्हणजे आंबवणाच्या पाण्यात मुरवलेला, उग्र वासाचा टोफू, म्हणजे सोयाच्या दुधाचं पनीर. अर्धा दिवस हाताशी असेल तर जरूर जा. शाकाहारी माणसालाही तिथे पोटभर खाता येतं, मात्र दर ठिकाणी विचारून.

मेट्रोच्या तपकिरी मार्गावर मूझा स्टेशनला उतरा आणि बाहेरून 660 नंबरची बस धरा. तैपेई सिटी हॉलकडून येणार असाल तर 912 बरी. दोन्हींत ईझीकार्ड (प्रवासासाठी आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) चालतं. हा रात्रबाजार नव्हे, संध्याकाळी दुकानं लवकर आवरतात, तेव्हा सकाळी अकरा-साडेअकरापर्यंत पोचलेलं चांगलं. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, आणि आडवारी काही दुकानं बंद सापडतात. त्यातल्या त्यात मी आडवारच निवडीन. गाड्यांवर देण्यासाठी सुटे पैसे ठेवा.

शेनकेंगचं नाव झालं ते मुळात साध्या टोफूमुळे. हे गाव जिंगमेई नदीवरचं जुनं बंदर, इथून चहा होड्यांनी खाली जायचा. लाल विटांची कमानदार घरं जपानी अमलातली (1895 ते 1945). इथला टोफू समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून उरलेल्या कडू पाण्याने फाडतात. त्याने सोयाचं दूध झटकन फुटतं, कण जाडसर पडतात आणि वडी घट्ट बसते. जिप्समने फाडलेला टोफू याउलट गुळगुळीत, मऊ होतो. शिवाय मोठ्या कढईत उकळताना दूध तळाला किंचित लागतं. तो खाली लागलेल्या दुधाचा वास हीच इथल्या टोफूची खूण, तो बिघडलाय असं समजून ताट परत करू नका.

आता स्टिंकी टोफू. भाज्या कित्येक आठवडे आंबवून केलेल्या पाण्यात टोफू काही तास, कधी दिवसभर बुडवून ठेवतात. प्रथिनं फुटून अमोनिया आणि गंधकाचे वायू सुटतात, वास येतो तो त्यांचा. यातलं बरंचसं गरम तेलात उडून जातं, म्हणून नाकाला येतं तेवढं जिभेला जाणवत नाही. पहिल्यांदा खाणाऱ्याने तळलेल्यापासूनच सुरुवात करावी. वरचं कवच कुरकुरीत आणि आत जाळीदार हवं. मधोमध भोक पाडून त्यात लसणाचा सॉस ओततात, सोबत आंबटगोड कोबी असतो. तो कोबी टाकू नका, तेलकटपणा त्यानेच कापला जातो. सॉस पडल्यावर पाच मिनिटांत कवच मऊ पडतं, त्यामुळे हा पदार्थ बांधून नेण्यात अर्थ नाही.

मग सळईवर भाजलेला घ्या, शेनकेंगची खरी खासियत ती. निखाऱ्यावर उलटसुलट करत सॉस फासतात, वर कोबी आणि कोथिंबीर, काही गाड्यांवर दाण्याचं कूटही. उकडलेला अगदी शेवटी खा. त्यात तेल नसल्याने वास पुरेपूर राहतो.

शाकाहाराचं मात्र नीट लक्षात घ्या. आंबवणाच्या पाण्यात राजगिऱ्याचा पाला, मोहरीचा पाला, बांबूचे कोंब असतात, पण पुष्कळ ठिकाणी सुकी कोळंबीही पडते. म्हणजे प्लेटमध्ये नुसता टोफू दिसला तरी त्या पाण्यात सोडे असू शकतात. ‘माला’ म्हणजे झणझणीत रश्श्यातल्या प्रकारात बहुतेकदा बदकाच्या रक्ताच्या वड्या असतात. दिसायला त्या गडद तपकिरी, टोफूसारख्याच, म्हणून फसायला होतं. उकडलेल्यावर आणि लाल रश्श्यातल्या टोफूवर डुकराचा खिमा घालायची पद्धत आहे. तळायचं तेल वेगळं आहे का, तेही विचारा.

शाकाहाराला चिनी शब्द ‘सू’ (素). ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे. उच्चार चुकला तर अर्थ बदलतो, तेव्हा ते अक्षर फोनवर मोठं करून ठेवा आणि दाखवा. शाकाहारी दुकानांच्या पाटीवर अनेकदा स्वस्तिक असतं, आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेचं. तिथल्या बौद्ध पद्धतीच्या शुद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे जैन मंडळींना ते विशेष सोयीचं. कुठेच खात्री पटली नाही तर टोफूचं आइस्क्रीम आणि सोयाचं दूध आहेच.

परतताना एक सांभाळा. तैपेई मेट्रोत खाणंपिणं, अगदी पाण्याचा घोटसुद्धा, मना आहे. दंड 1,500 तैवानी डॉलरपासून सुरू होतो. बसमध्येही उघडी पिशवी घेऊन बसू नका. न्यायचाच असेल तर न शिजवलेला साधा टोफू घट्ट बांधून घ्या आणि मुक्कामी पोचताच फ्रीजमध्ये ठेवा.