रात्री डग्गा कुठे जातो?

प्रश्न : आमची बसायची खोली १४ बाय १० फुटांची, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या. रिसीव्हरमधल्या ऑडिसी या आवाज-दुरुस्तीच्या प्रणालीने माइक लावून खोलीची मोजणी केली. संध्याकाळी मोठ्या आवाजात तबला सुरेख वाजतो. रात्री मुलं झोपल्यावर आवाज उतरवला की नुसती चाट (तबल्याच्या काठावरचा टणक बोल) ऐकू येते, डग्गा नाहीसा. रात्रीसाठी वेगळी मोजणी करू का? की भिंतींवर चादरी टांगू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : मोजणी पुन्हा नको. डग्गा जातो तो खोलीमुळे नव्हे, कानामुळे.

तुमच्या खोलीच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या दुपटीचा सूर घुमतो. आवाज मोठा असो की बारीक, ही घुमण त्याच सुरांवर, त्याच प्रमाणात होते. माइकने ती एकदा टिपली की दिवसरात्र तीच दुरुस्ती चालते. (मे महिन्यात पारा ४०च्या वर गेला की हवेत आवाजाचा वेग वाढतो आणि ही घुमण दीडेक हर्ट्झ वर सरकते. पण तेवढ्याने डग्गा हरवत नाही.)

कान मात्र हळू आवाजात खर्जाला, म्हणजे डग्ग्यासारख्या खालच्या सुरांना, मंद होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. आजच्या आयएसओ २२६ या मानकाप्रमाणे १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवरून ४०वर आणला, तर ५० हर्ट्झचा सूर कानाला तेवढाच उतरल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे २४ डेसिबलच उतरायला हवा. व्हॉल्यूमची कळ दोघांनाही ४०नेच उतरवते. खर्जाचे १६ डेसिबल तिथे जातात, आणि उरलासुरला खर्ज डोक्यावरचा पंखा झाकून टाकतो.

आपल्या सोलापुरी चादरीवर माझा जीव आहे, पण हे काम तिचं नव्हे. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब. काही मिलिमीटर जाडीचं सुती कापड तिला काय अडवणार? बाळीवेशीतल्या माझ्या खोलीत मी चार चादरी टांगून पाहिल्या. टाळीचा खणखणाट गेला, खर्ज जसाच्या तसा राहिला, आणि वरचे सूर दबल्यामुळे तोच जास्त घुमू लागला. स्पीकरपुढच्या फरशीवर जाड सतरंजी अंथरा, चाटेचा कर्कशपणा तेवढ्यानेही कमी होईल.

खरा उपाय रिसीव्हरमध्येच आहे. ऑडिसीच्या मेनूत ‘डायनॅमिक ईक्यू’ चालू करा. जुन्या अॅम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ बटण बहुधा खर्जात ठरावीक भर घालायचं. वडिलांच्या अॅम्प्लिफायरवर ते मोठ्या आवाजातही दाबलेलं राहिलं की डग्ग्याचा ढोल व्हायचा. डायनॅमिक ईक्यू मात्र व्हॉल्यूम जितका खाली, तितकीच भर घालतं.

मात्र त्याचा हिशेब सिनेमाच्या ठरलेल्या पातळीवर बेतलेला आहे. गाण्याच्या रेकॉर्डिंगला तशी एक पातळी नसते, म्हणून खर्ज अती होतो. त्यासाठी ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ आहे : ०, ५, १०, १५. आकडा मोठा तशी भर कमी. बैठकीच्या गाण्याला १०पासून सुरुवात करा. डग्गा फुगलेला वाटला तर १५, दुबळा वाटला तर ५. टीव्हीला १० ठेवा.

‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ मात्र गाण्यासाठी बंदच हवा. तो हळू-मोठ्यातलं अंतरच मिटवतो, आणि विलंबित ख्यालात ते अंतर गेलं तर ऐकण्यासारखं फारसं उरत नाही. आठ दिवस रोज रात्री एकच चीज, एकाच व्हॉल्यूमवर, पंखा एकवर ठेवून ऐका आणि मग ऑफसेट पक्का करा.